आधी पाणी

मे महिन्यातली ती लांब सुट्टी संपते
आणि मंगळवारी, मी दुकान उघडायच्या आत,
हेरिंग आर्मचे दोन-तीन पुरुष पायरीवर उभे असतात,
एकमेकांकडे न बघता.
प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.
मासा असावा असं वाटेल.
मासा नसतो.

मी गल्ल्यावर कागद उलगडते:
तांब्याचा दुमडलेला आकडा, मधोमध फुटलेला,
तव्यावर विसरलेल्या बांगड्यासारखा काळा.
"वरचं एलिमेंट की खालचं?"
वरचंच असतं.
टाकी भरताना पाणी त्याच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं.

कारणं मी विचारत नाही, ती आपोआप येतात.
लियँडर म्हणतो, मालच खराब होता.
गार्लंड म्हणतो, वीज जास्त आली
(गेल्या वर्षीही त्याच्याकडेच जास्त आली होती).
धाकटा पार्डी म्हणतो, वीज आधी आली, मी काय करू,
जणू ती पाहुणी आहे
आणि स्वतःच कडी काढून आत शिरली.

घडलेलं एवढंच असतं:
ऑक्टोबरात गोठू नये म्हणून टाकी रिकामी केली.
हिवाळाभर केबिन तळ्याकाठी बर्फात बसून राहिली.
मग दार उघडलं, गाद्यांना ओल, कपाटात उंदरांच्या लेंड्या,
बोटं बधिर,
आणि कुणीतरी टाकीचा ब्रेकर वर केला
पाण्याच्या आधी.
मिनिटभरही लागत नाही.
रिकाम्या टाकीत ते तापतं, तापतच जातं,
घ्यायला समोर कुणी नाही,
मग स्वतःलाच खातं.

पंचवीस वर्षं मी सगळ्यांना एकच सांगते:
स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ उघडा ठेव.
पंपाचा ब्रेकर वेगळा, तेवढाच चालू कर.
आणि ऐक.
आधी नुसती हवा. मग खोकला.
मग गंजाचं तपकिरी पाणी, थुंकत थुंकत.
मग जरा धार,
इथेच सगळे फसतात, इथेच वाटतं झालं.
पुन्हा खोकला येतो.
धार गप्प होऊ दे, बोटाएवढी, सलग.
त्यानंतर दुसरा ब्रेकर.
वर कपड्यांचा एक लाकडी चिमटा देते, फुकट:
टाकी रिकामी करशील तेव्हा त्या ब्रेकरला लाव,
धार लागल्याशिवाय काढू नकोस.
चिमटे घरी पोचतात आणि मोज्यांना लागतात.

या वर्षी अँब्रोज हायन्स आला. पहिल्यांदाच.
एकेचाळीस उन्हाळे त्याची केबिन,
एकदाही एलिमेंट जळालं नव्हतं.
कागद त्याने स्वतः उलगडला.
"मला ठाऊकच नव्हतं," म्हणाला,
"आधी काही करायचं असतं ते.
मी लाकडं आत आणायचो,
तोवर पाणी गरम झालेलं असायचं."

व्हेडा मुलीकडे आहे, अल्बर्टात, नोव्हेंबरपासून.
कधी येणार ते गावात कुणी विचारत नाही.
मीही गास्केट शोधत राहिले,
खणात समोरच होतं तरी.
"किती वेळ थांबायचं?"
"खोकला थांबेपर्यंत."
त्याने पैसे मोजून ठेवले
आणि चिमटा शर्टाच्या खिशाला लावला,
पेन लावतात तसा.

शनिवारी, ऐन गर्दीत, फोन.
कुणी बोलेना.
नुसता नळ ऐकू येत होता:
हवा, खोकला, थुंकी,
मग बराच वेळ काहीच नाही,
पुन्हा खोकला.
गार्लंड खिळ्यांचा डबा धरून पुढे सरकला.
मी बोट वर केलं.
धार आली. तुटली. परत आली.
मग तुटेना.
मी आणखी वीस आकडे मोजले, सावकाश.
"आता," म्हटलं.

पलीकडे पावलं फळ्यांवरून लांब गेली.
काहीतरी लाकडी पडल्याचा बारीक आवाज.
मग खटका.